कांद्याचा पापुद्रा, गालातली पेशी आणि शाळेतला सूक्ष्मदर्शक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवीत पेशी आणि पेशीअंगकं शिकायला सुरुवात झाली की दहावीपर्यंत तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांतले बरेचसे एकाच कारणाने पडतात. पुस्तकातली आकृती डोक्यात घट्ट बसलेली असते आणि भिंगाखाली भलतंच काही दिसतं. पुस्तकातल्या त्या एका आकृतीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून कळलेली माहितीसुद्धा भरलेली असते. शाळेच्या साध्या सूक्ष्मदर्शकात त्यातलं थोडंच दिसतं. ते थोडं नीट कसं पाहायचं, ते इथे सांगितलं आहे.

पेशी पाहायला सगळीकडे कांदाच का घेतात?

कांद्याच्या मांसल पाकळीच्या आतल्या बाजूचा पापुद्रा फक्त एका पेशीइतका जाड असतो. पेशींचा एकच थर असल्यामुळे उजेड आरपार जातो आणि पेशींवर पेशी आल्याने होणारा गोंधळ टळतो. शिवाय या पेशी चांगल्या मोठ्या असतात: लांबी साधारण ०.२५ ते ०.४ मिलिमीटर. १०० पट मोठं करून पाहिलं तरी विटांच्या भिंतीसारखी रचना स्पष्ट दिसते.

पापुद्रा नेमका कुठून काढायचा? माझा दर वेळी फाटतो.

कांदा ताजा आणि कडक हवा. कोंब आलेल्या किंवा मऊ पडलेल्या कांद्याचा पापुद्रा तुकड्या-तुकड्यांनी निघतो. कांद्याचे उभे चार भाग करा. वरची कागदी सालं आणि पहिली सुकट पाकळी टाकून द्या. दुसरी किंवा तिसरी रसरशीत पाकळी घ्या, खोलगट बाजू स्वतःकडे धरा आणि बाहेरच्या फुगीर बाजूने दाब देऊन ती अशी मोडा की खोलगट बाजूचा पापुद्रा न तुटता राहील. मोडलेल्या दोन तुकड्यांमध्ये ओल्या प्लॅस्टिकसारखा पारदर्शक पडदा ताणलेला दिसेल. तो चिमट्याने धरून हळूच, पाकळीला जवळपास समांतर ओढा. सरळ वर उचललात तर खालचा गर चिकटून येतो आणि ती जागा भिंगाखाली धूसर दिसते.

काढलेला पापुद्रा लगेच घड्याळ काचेतल्या (काचेच्या उथळ वाटीतल्या) पाण्यात सोडा. हवेत अर्धा मिनिट राहिला तरी तो गुंडाळी होऊ लागतो, आणि एकदा गुंडाळला की सरळ करताना फाटतो.

स्लाइड करताना काय, किती आणि कोणत्या क्रमाने?

पाण्यातच कात्रीने ४ ते ५ मिलिमीटर बाजूचा चौकोनी तुकडा कापा. मोठा तुकडा हमखास दुमडतो. दुसऱ्या घड्याळ काचेत पाणी घेऊन त्यात १ टक्का सॅफ्रनिनचे दोन थेंब टाका आणि तुकडा त्यात दोन-तीन मिनिटं ठेवा. मग साध्या पाण्यात एकदा खळबळून घ्या. ही धुण्याची पायरी गाळली की सगळीकडे लालच लाल होतं आणि केंद्रक त्या रंगात हरवतं. काचपट्टीच्या मध्यावर ग्लिसरीनचा एक थेंब घ्या, मऊ ब्रशने तुकडा त्यावर पसरा आणि कव्हरस्लिपची (वर झाकायच्या पातळ काचेची) एक कड थेंबाला टेकवून, सुईच्या आधाराने साधारण ४५ अंशांतून सावकाश खाली आणा. बाजूला आलेलं ग्लिसरीन टिपकागदाने टिपा.

स्लाइड सुकू नये म्हणून ग्लिसरीन वापरतात. मात्र ते जिवंत पेशीतलं पाणी ओढून घेतं. त्यामुळे परासरणाचा, म्हणजे पटलातून पाणी आत-बाहेर जाण्याचा, प्रयोग करायचा असेल तर ग्लिसरीन नको, पाण्याचाच थेंब घ्या.

जाड काळ्या कडेचे गोल दिसतात. त्या पेशी का?

नाही, ते हवेचे बुडबुडे. कांद्याच्या पेशी लांबट आणि एकमेकींना चिकटलेल्या असतात. अगदी गोल, सुटा आणि काळ्या कडेचा आकार म्हणजे बुडबुडा समजा. सुईच्या टोकाने कव्हरस्लिपवर हलकेच दाबलं की तो सरकतो. कव्हरस्लिप वरून सपाट टाकली की बुडबुडे अडकतात.

फोकस लागत नाही, किंवा भिंग काचेवर आपटतं. काय चुकतं?

बहुतेक जण थेट मोठ्या भिंगावर जातात, तिथेच चुकतं. आधी १० पटीचं वस्तुभिंग लावा. डोळा बाजूला ठेवून, काचपट्टीकडे पाहत पाहत नळी खाली आणा, भिंग आणि काच यांच्यात अगदी थोडी जागा उरेपर्यंत. आता नेत्रिकेतून पाहा आणि मोठा स्क्रू, म्हणजे स्थूल समायोजक, असा फिरवा की भिंग काचेपासून दूर जाईल. चित्र येताच थांबा आणि छोट्या स्क्रूने, म्हणजे सूक्ष्म समायोजकाने, ते स्वच्छ करा. हवी ती पेशी बरोबर मध्यावर आणूनच ४० किंवा ४५ पटीचं भिंग फिरवून लावा. त्यानंतर मोठ्या स्क्रूला हात लावू नका. या भिंगाचं टोक काचेपासून मिलिमीटरभरही दूर नसतं. अर्धा फेरा फिरला तरी कव्हरस्लिप तडकते आणि भिंगावर ओरखडा उठतो.

आरशाच्या सूक्ष्मदर्शकात उजेड खिडकीतला घ्या. आरसा थेट सूर्याकडे कधीही वळवायचा नाही. एका क्षणात डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

स्लाइड उजवीकडे सरकवली की चित्र डावीकडे का जातं?

संयुक्त सूक्ष्मदर्शकात प्रतिमा वरची खाली आणि उजवीची डावीकडे होते. वर्तमानपत्रातलं एक बारीक ‘अ’ अक्षर कापून पाण्याच्या थेंबात ठेवा आणि पाहा. एकदा असं पाहिलं की स्लाइड कुठे सरकवायची हे हाताला आपोआप कळतं.

पेशीची खरी लांबी कशी काढायची? ‘४५० पट’ म्हणजे काय?

नेत्रिका १० पटीची आणि वस्तुभिंग ४५ पटीचं असेल तर १० गुणिले ४५, म्हणजे ४५० पट. पण एवढ्याने पेशीची लांबी कळत नाही. त्यासाठी साधी पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी पुरते. ती १० पटीच्या वस्तुभिंगाखाली ठेवा आणि दिसणाऱ्या गोलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत किती मिलिमीटर मावतात ते मोजा. समजा, गोलाचा व्यास १.६ मिलिमीटर भरला. आता पट्टी काढून कांद्याची स्लाइड ठेवा. व्यासावर लांबीच्या दिशेने पाच पेशी मावल्या तर एका पेशीची लांबी १.६ भागिले ५, म्हणजे ०.३२ मिलिमीटर. एका मिलिमीटरचे १००० मायक्रोमीटर होतात, म्हणून ३२० मायक्रोमीटर.

४० पटीचं भिंग लावलं की गोलाचा व्यास चार पटीने लहान होतो: १.६ चा ०.४ मिलिमीटर. मोठ्या भिंगात जास्त दिसतं असं वाटतं, पण प्रत्यक्षात लहानसाच भाग मोठा होऊन दिसतो. नेत्रिकेला मोबाइल लावून फोटो काढलात तर वहीत ‘४५० पट’ लिहू नका. पडद्यावर बोटांनी ताणलेल्या फोटोला तो आकडा लागू होत नाही. पेशीची मोजलेली लांबी लिहा.

काही पेशींत केंद्रक दिसतं, काहींत नाही. त्या पेशींत केंद्रक नसतंच का?

असतं. कांद्याची पेशी सपाट चौकट नाही, ती बंद खोक्यासारखी आहे, तिला खोली आहे. केंद्रक त्या खोक्याच्या तळाशी किंवा छताला टेकलेलं असेल तर तुमच्या फोकसच्या पातळीत येत नाही. छोटा स्क्रू अगदी थोडा पुढे-मागे फिरवत राहा. एका पेशीतलं केंद्रक पुसट होतं आणि शेजारच्या पेशीत दुसरं उमटतं. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यासारखं आहे, कारण पेशीला खोली असते हे आकृतीतून कधीच कळत नाही.

केंद्रक बहुधा कडेला असतं, कारण पेशीची बहुतेक जागा रसाने भरलेल्या मोठ्या पिशवीने, म्हणजे रिक्तिकेने, व्यापलेली असते आणि पेशीद्रव्य भिंतीलगतच्या पातळ थरात दबलेलं असतं. एखाद्या पेशीत ते मधोमध दिसलं तर ते वरच्या किंवा खालच्या भिंतीला टेकलेलं आहे आणि तुम्ही वरून पाहत आहात, ही शक्यता आधी तपासा. पापुद्रा ओढताना फाटलेल्या पेशी मात्र खरोखर रिकाम्या असतात. त्या तुकड्याच्या कडेला सापडतात.

कांदा वनस्पती आहे, मग हरितलवकं का दिसत नाहीत?

कांद्याच्या पाकळ्या म्हणजे अन्न साठवणारी पानं. त्या जमिनीत, अंधारात वाढतात, त्यामुळे त्यांच्यात हरितलवकं नसतात. कांद्याची हिरवी पात घेतलीत तर तिथे ती सापडतील. ‘प्रत्येक वनस्पती पेशीत हरितलवकं असतात’ हे वाक्य म्हणूनच चुकीचं आहे. मुळांच्या पेशींतही ती नसतात.

हरितलवकं पाहायची तर हायड्रिला उत्तम. माशांच्या टाक्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. टोकाकडचं कोवळं पान पाण्याच्या थेंबात ठेवा, रंग काहीही नको. हे पान पेशींच्या दोनच थरांचं असतं. स्लाइड १० ते १५ मिनिटं उजेडात राहू द्या. मग एखाद्या पेशीवर नजर स्थिर ठेवलीत तर हिरवे ठिपके भिंतीच्या कडेकडेने एका मागोमाग सरकताना दिसतील. वाहतं ते पेशीद्रव्य, हरितलवकं त्याच्याबरोबर जातात.

कांद्यावर आयोडीन टाकलं, पण निळा-काळा रंग आला नाही. आयोडीन खराब झालं का?

बहुधा नाही. कांदा अन्न साठवतो ते मुख्यतः शर्करेच्या रूपात, स्टार्चच्या नाही. त्यामुळे आयोडीनने केंद्रक पिवळसर तपकिरी होतं, एवढंच. आयोडीन चांगलं आहे का ते बटाट्यावर तपासा. कापलेल्या बटाट्यावर सुईने हलकं खरवडा, निघालेला पांढरा रस पाण्याच्या थेंबात मिसळा आणि आधी आयोडीनशिवायच पाहा. शिंपल्यासारखे लांबट गोल कण दिसतील. उजेड थोडा कमी केलात तर त्यांच्यावर वलयंही दिसतील. मग फिकट आयोडीनचा एक थेंब कव्हरस्लिपच्या कडेला सोडा. रंग कणाकणात शिरताना पाहता येतो. गडद आयोडीन टाकलंत तर सगळेच कण काळे पडतात आणि वलयं झाकली जातात.

तंतुकणिका, गॉल्जी पिंड, आंतर्द्रव्यजालिका या स्लाइडमध्ये दिसतील का?

नाही. म्हणून प्रयोगवहीतल्या आकृतीत त्यांना नावं देऊ नका. तंतुकणिकेची जाडी साधारण ०.५ ते १ मायक्रोमीटर असते आणि खास रंग दिल्याशिवाय शाळेच्या सूक्ष्मदर्शकात ती वेगळी ओळखू येत नाही. रायबोझोम तर प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेरच आहेत. कांद्याच्या स्लाइडमध्ये पेशीभित्तिका, केंद्रक, पेशीद्रव्य आणि रिक्तिकेची जागा दिसते. प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीद्रव्याभोवतीचा पातळ पडदा, भित्तिकेला इतकं चिकटून असतं की वेगळं कळत नाही. ते वेगळं पाहायची युक्ती पुढे रससंकोचाच्या (पाणी गेल्याने पेशीचा आतला भाग आक्रसण्याच्या) प्रश्नात दिली आहे.

गालाच्या आतल्या पेशी कशा घ्यायच्या?

चूळ भरून तोंड स्वच्छ करा. नव्या टूथपिकच्या बोथट बाजूने गालाच्या आत हलकेच दोन-तीनदा घासा. रक्त येण्याइतकं घासायचं नाही. काचपट्टीवर ०.९ टक्के मिठाच्या पाण्याचा, म्हणजे १०० मिलिलिटर पाण्यात ०.९ ग्रॅम मीठ या प्रमाणाचा, एक थेंब घ्या आणि टूथपिक त्यात गोल फिरवा. मग मिथिलीन ब्लूचा छोटा थेंब टाका, दोन मिनिटं थांबा आणि कव्हरस्लिप ठेवा. पेशी सुट्या किंवा दोन-चारच्या झुबक्यात, वेड्यावाकड्या कडांच्या आणि मध्ये निळं केंद्रक असलेल्या दिसतील. रुंदी साधारण ५० ते ६० मायक्रोमीटर. कडा दुमडलेल्या असतात तिथे गडद रेघ दिसते. तिला पेशीभित्तिका म्हणू नका. केंद्रकाहून कितीतरी लहान निळे ठिपके दिसले तर ते तोंडातले जीवाणू.

प्रत्येकाने स्वतःच्याच पेशी घ्यायच्या. टूथपिक दुसऱ्याला द्यायची नाही. वापरलेल्या टूथपिक आणि काचपट्ट्या जंतुनाशकाच्या भांड्यात टाका. मिथिलीन ब्लूचा डाग गणवेशावरून सहज निघत नाही.

वनस्पती पेशी आणि प्राणी पेशी यांच्या फरकात गुण कुठे जातात?

‘वनस्पतीत हरितलवक, प्राण्यात तंतुकणिका’ हे लिहिलं की गुण गेले. तंतुकणिका दोन्हींत असतात. हरितलवकात अन्न तयार होतं, तंतुकणिकेत त्या अन्नातली ऊर्जा मोकळी होते. वनस्पतीलाही ऊर्जा लागते, म्हणून तिचं श्वसन दिवस-रात्र चालतं. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त असल्यामुळे बाहेर पडताना ऑक्सिजनच जाणवतो, एवढ्यावरून ‘झाडं फक्त रात्री श्वसन करतात’ हा समज पसरला आहे.

दुसरी चूक रिक्तिकेची. प्राणी पेशीतही रिक्तिका असू शकतात, पण लहान आणि तात्पुरत्या. तिसरी चूक भित्तिकेची. भित्तिका फक्त वनस्पतींचीच नसते. कवकांना कायटिनची भित्तिका असते, जीवाणूंनाही भित्तिका असते. वनस्पतींची भित्तिका मुख्यतः सेल्युलोजची असते, म्हणून उत्तरात ‘सेल्युलोजची’ हा शब्द जरूर लिहा.

रससंकोच हमखास दिसावा म्हणून काय करायचं?

लाल कांदा घ्या. आतला पापुद्रा बिनरंगी असतो. इथे पाकळीच्या बाहेरच्या, फुगीर बाजूचा गुलाबी-जांभळा पापुद्रा हवा. हा रंग रिक्तिकेतल्या रसात विरघळलेला असतो, त्यामुळे वेगळा रंग द्यावा लागत नाही आणि पेशी जिवंत राहतात. ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाच्या खालच्या जांभळ्या बाजूचा पापुद्राही तितकाच चांगला.

तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवून आधी पाहून घ्या: पेशी कडेपर्यंत रंगाने भरलेली असते. मग ५ ग्रॅम मीठ १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा. कव्हरस्लिपच्या एका कडेला या द्रावणाचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागदाचा तुकडा लावा. टिपकागद पाणी ओढतो, तसं मिठाचं द्रावण आत शिरतं. स्लाइड हलवू नका, एकाच पेशीकडे पाहत राहा. दोन ते पाच मिनिटांत रंगाचा भाग आधी कोपऱ्यांतून सुटतो, मग आक्रसत पेशीच्या मधल्या भागाकडे येतो आणि भित्तिकेची चौकट मात्र जागच्या जागी राहते. रंगीत भागाची बाहेरची कड म्हणजेच प्रद्रव्यपटलाची जागा. एरवी न दिसणारं पटल कुठे आहे ते इथे असं उघड होतं.

आता टिपकागदाने मिठाचं द्रावण काढून त्याच रीतीने साधं पाणी सोडा. रंग पुन्हा कडेपर्यंत भरतो. बराच वेळ मिठात ठेवलं तर पेशी मरतात आणि मग परत भरत नाहीत. ऱ्हिओचं पान आधी उकळून प्रयोग केलात तर रससंकोच होणारच नाही. उष्णतेने पटलाची निवडक्षमता नष्ट झालेली असते. परीक्षेत ‘परासरणासाठी पेशी जिवंत का हवी’ असं विचारलं तर हेच उदाहरण द्या.

प्राणी पेशी साध्या पाण्यात ठेवली तर?

तिला आवर घालायला भित्तिका नसते. तांबडी रक्तपेशी साध्या पाण्यात फुगून फुटते. सलाइनमध्ये मीठ ०.९ टक्के ठेवतात ते याच कारणाने: ते रक्तपेशीच्या दृष्टीने समपरासारी आहे, म्हणजे त्यात पेशी फुगतही नाही आणि आक्रसतही नाही. शाळेत रक्त काढून हा प्रयोग करू नका. मनुका साध्या पाण्यात आणि साखरेच्या दाट पाकात ठेवून तत्त्व पुरेसं कळतं.

कांदा चिरल्यावरच डोळ्यांतून पाणी का येतं? अख्ख्या कांद्याने का येत नाही?

अख्ख्या पेशीत गंधकाची संयुगं आणि त्यांच्यावर काम करणारं विकर (एन्झाइम) वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. विकर रिक्तिकेत, संयुगं पेशीद्रव्यात. सुरीने पेशी फुटल्या की दोन्ही एकत्र येतात आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. कांदा थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवला तर कमी झोंबतो, कारण थंडीत विकराचं काम मंदावतं. पेशीत पटलांनी कप्पे का केलेले असतात याचं इतकं जवळचं उदाहरण दुसरं नाही.

पर्णरंध्रं पाहायला कोणतं पान?

ऱ्हिओच्या पानाची खालची बाजू. जांभळ्या पेशींमध्ये हिरव्या रक्षक पेशींची जोडी चटकन नजरेत भरते. सालणं जमत नसेल तर जास्वंदीच्या पानाच्या खालच्या बाजूला बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ थर द्या, पूर्ण सुकू द्या आणि चिकटपट्टीने उचलून काचपट्टीवर लावा. त्यात ठसा दिसतो, पेशी नव्हे, हे वहीत लिहा. ज्वारी, मका, ऊस यांच्या रक्षक पेशी घेवड्याच्या दाण्यासारख्या नसून डंबेलसारख्या असतात. कमळाच्या तरंगत्या पानात रंध्रं वरच्या बाजूला असतात.

मुळाच्या टोकाच्या स्लाइडमध्ये विभाजनाच्या अवस्था सापडत नाहीत.

दोन कारणं. विभाजन टोकाच्या अगदी एक-दोन मिलिमीटरमध्येच चालतं. त्याच्या वर पेशी नुसत्या लांबट होतात. पेशी लांब दिसल्या तर टोकाकडे सरका, चौकोनी आणि दाटीवाटीने बसलेल्या पेशींपर्यंत. दुसरं, कुठल्याही क्षणी बहुतेक पेशी विभाजनाच्या दोन फेऱ्यांमधल्या अवस्थेत असतात. पूर्वावस्था त्यातल्या त्यात लवकर सापडते. मध्यावस्था आणि पश्चावस्था यांच्यासाठी बरंच शोधावं लागतं. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रं असतात, पण दाबलेल्या स्लाइडमध्ये ती एकमेकांवर येतात, तेव्हा मोजता आली नाहीत तर ती तुमची चूक नाही.

कोंबडीचं अंडं ही एक पेशी आहे का?

पूर्ण अंडं नव्हे. मूळ पेशी म्हणजे पिवळा बलक. पांढरा भाग आणि कवच नंतर त्याभोवती चढतात. फलित अंड्यात तर ते घातलं जाईपर्यंत विभाजनाला सुरुवात झालेली असते.

हूक, ब्राउन, श्लायडेन यांच्या सनांत गोंधळ होतो.

१६६५: रॉबर्ट हूक, बुचाच्या कापात रिकामे कप्पे. ती मृत पेशींची भित्तिका होती. १६७४: लेव्हेनहूक, पाण्यातले जिवंत सूक्ष्मजीव. १८३१: रॉबर्ट ब्राउन, केंद्रक. १८३८: श्लायडेन, वनस्पती. १८३९: श्वान, प्राणी. १८५५: विरशॉ, पेशी पेशीपासूनच तयार होते.

आकृती कशी काढायची?

टोकदार पेन्सिलने, एका अखंड रेषेत. छायांकन नको. कांद्याच्या तीन-चार पेशी मोठ्या काढा, पन्नास बारक्या नकोत. भित्तिका दोन रेषांनी दाखवा, आणि दोन शेजारच्या पेशींमध्ये जागा सोडू नका. नावांच्या रेषा पट्टीने, एकमेकींना न छेदणाऱ्या, शक्यतो उजव्या बाजूला काढा. वापरलेली पट आकृतीखाली लिहा. एखाद्या पेशीत केंद्रक दिसलं नसेल तर त्या पेशीत काढू नका.

केलेली स्लाइड किती टिकते?

पाण्यातली स्लाइड तास-अर्ध्या तासात सुकू लागते. ग्लिसरीनमधली स्लाइड कव्हरस्लिपच्या चारही कडांना नेलपॉलिश लावून बंद केली तर काही दिवस पाहता येते. ठेवताना आडवी ठेवा, आणि चिठ्ठीवर नाव, रंगद्रव्य आणि तारीख लिहा.